कडीजवळचे पान

मित्रांनो, वर्षभर माझ्याकडे ढुंकूनही न पाहणारी माणसे थंडीच्या तोंडावर माझ्याखाली येऊन माना वर करतात. मी एक जुना मेपल आहे. कोरियाच्या डोंगरांतील सोलगोल गावात, दोकसूच्या अंगणात, सोयाबीनचे वाटण मुरत ठेवलेल्या रांजणांशेजारी मी उभा आहे. वसंतात माझी पालवी तांबूस फुटते, पुढे ती हिरवीगार होते, आणि हवा गारठू लागली की शेंड्यापासून खाली पिवळी, केशरी, मग लाल होत जाते. तो लाल रंग पाहून सारे हरखतात. मला मात्र त्याची धास्ती वाटते. का, ते सांगतो.

माझे पान तळहातासारखे असते. आमच्याकडे तान्ह्या मुलाच्या हाताला कौतुकाने मेपलचे पानच म्हणतात.

थंडीआधी गावात घरोघरी दारांच्या लाकडी जाळीला नवा कागद लावतात. दोकसू दारे काढून अंगणाखालच्या ओढ्यावर नेई आणि जुना कागद भिजवून खरवडून काढी. त्याची बायको पिठाची खळ करून जाळीदार चौकटीवर नवा पांढरा कागद चिकटवी. कडीजवळ हात लागून कागद लवकर फाटतो, म्हणून तिथे तो दुहेरी लावायचा आणि मध्ये माझे एक लाल पान ठेवायचे. ते पान निवडण्याचा मान त्यांच्या मुलीचा, दाल्लेचा होता. ती बापाच्या खांद्यावर बसून पान तोडी आणि मला विचारी, "दुखलं का रे?" इतक्या वर्षांत मला असे कुणी विचारले नव्हते. त्या पोरीवर माझा फार जीव होता.

एका वर्षी दारांना कागद लागायच्या आतच दाल्ले गोवराने गेली. जेमतेम चार वर्षांची होती. त्या वर्षी तिची आई एकटीच माझ्याखाली आली. एकेक पान तळहातावर ठेवून पाहत राहिली आणि शेवटी लेकीच्या हाताएवढे पान घेऊन गेली. संध्याकाळी आत दिवा लागला, तेव्हा मला अंगणातून दारावर एक चिमुकला काळा हात दिसला. जणू कुणी आतून दार ढकलत होते. मित्रांनो, ते पान माझेच होते, तरी मी शहारलो. हिवाळ्यात माझ्या अंगावर एकही पान उरले नाही, पण तो हात रोज दिवेलागणीला येतच राहिला.

पुढच्या वर्षी आईने थोडे मोठे पान निवडले. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी मोठे. शेजारच्या आजींना राहवले नाही.

"दाल्लेची आई, अगं केवढं पान शोधतेस? छत्री करायचीय का?"

"आजी, ती आता वाढली असेल ना," ती म्हणाली. "लहान कसं चालेल?"

आजींचे हसू मावळले. वाटीभर सोयाबीनचे वाटण न्यायला आल्या होत्या, ते न घेताच परत गेल्या.

एव्हाना घरात दुसरी मुलगी आली होती, बुनी. आमच्याकडे बाईला थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारतात, त्यामुळे बुनीच्या आईला सारे गाव दाल्लेची आईच म्हणे. बुनी चालू-बोलू लागली, तरी त्या दाराला हात लावत नसे. ती स्वयंपाकघराच्या बुटक्या दारातून वाकून आत जाई.

"सरळ दारानं ये की गं," दोकसू म्हणे.

"तिथं ताई कडी धरून उभीय," बुनी म्हणे.

रोज संध्याकाळी आई त्या पानावर तळहात टेकवून उभी राही. बुनी तिच्या घागऱ्याला लोंबकळे, काहीबाही सांगत राही. आईला कळतही नसे. आई घरातच होती आणि पोर आईवाचून वाढत होती. मला तिची कीव येई, पण झाडाला हाक मारता येत नाही.

मग एका वर्षी, माझा शेंडा नुकताच पिवळा पडू लागला होता तेव्हा, बुनी माझ्यावर चढली आणि मूठमूठ पाने ओरबाडू लागली. आई धावत आली.

"कार्टे, उतर खाली! दाल्लेचा हात मोडतेस?"

"मोडणार! सगळे मोडणार! एकपण ठेवणार नाही!"

"का गं? तिनं काय घोडं मारलंय तुझं?"

बुनी फांदीला मिठी मारून रडू लागली. "मी मेले तर माझापण हात लावशील ना दाराला?"

दोकसूने पोरीला उतरवून घेतले. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

उरलेली पाने त्या वर्षी कधी नव्हे इतकी लाल झाली, पण न्यायला कुणी आले नाही. कागद लावायच्या दिवशी आईने मध्ये काहीच ठेवले नाही. कागद वाळून ताठ व्हावा म्हणून दोकसूने तोंडात पाणी घेऊन त्यावर फुर्रकन फवारले आणि दार माझ्या खोडाला टेकवून उन्हात ठेवले. वारा पडलेला होता. थोड्या वेळाने आई दार पाहायला आली आणि थबकली. ओल्या कागदावर, कडीपाशी, एक चिमुकले लाल पान चिकटले होते.

मित्रांनो, ते मी टाकले नव्हते. आपले सुटलेले पान झाडाला कळते. आणि इतके लहान पान त्या वर्षी माझ्या एकाही फांदीवर नव्हते.

आईने आपला तळहात त्या पानाशेजारी धरला.

"एवढीशीच होतीस गं," ती म्हणाली. "एवढीशीच. मी विसरूनच गेले होते."

ती खूप रडली. मग तिने ते पान हलकेच सोडवले, ओढ्यावर नेले आणि पाण्यात सोडले. बुनी तिच्यामागे जाऊन उभी राहिली.

"ताई गेली?"

"गेली."

"परत येईल?"

"नाही येणार." आईने वळून बुनीचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. "बोटं केवढी लांब झालीत गं तुझी! कधी झाली?"

ते पान कुणाचे होते, हे मला अजून कळलेले नाही. रंग बदलू लागला की आजही माझी नजर आधी त्या दाराकडे जाते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असे गेलेल्या माणसाच्या वाटेला डोळे लावून बसले असेल, तर त्यांच्यावर रागावू नका आणि गप्पही राहू नका. आपले हात त्यांच्यापुढे धरा. त्यासाठी माझी पाने ओरबाडावी लागली, तरी खुशाल ओरबाडा. मला ती पुन्हा फुटतात.