बांधावरची रुई

सून शहरातल्या ओळखीच्यांना शेत दाखवायला आणणार, म्हणून सासऱ्यांनी पहाटेच विळा काढला. बांधावरची रुई, गवत, काटेरी झुडपं, सगळं कापून कडेला ढीग घातला. बांध कसा नुकती दाढी केल्यासारखा दिसत होता. पाहुण्यांनी नावं ठेवायला जागा नको.

उन्हं चढायला लागली तशी मंडळी आली. सून सगळ्यांच्या पुढे.

"आता गंमत बघा," ती सांगत होती. "रुईच्या पानापानावर अळ्या आहेत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, वर पिवळे ठिपके. यांचीच फुलपाखरं होणार." बांधाशी आली आणि थांबली.

"कुठायत?" गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या बाईंनी विचारलं.

"बाबा, इथली रुई?"

मागच्या खेपेला ती इथे बराच वेळ वाकून बसली होती. पोरीचं कानातलं हरवलं असेल, असं सासऱ्यांना तेव्हा वाटलं होतं.

"गुरं शिरली कुणाची तरी," ते म्हणाले. "खाल्ली."

"गुरं रुईला तोंड लावतात?" एका टोपीवाल्याने विचारलं.

"भूक लागली की लावतात," सून पटकन म्हणाली. "तुम्ही नाही का ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवत?"

सगळे हसले. कापलेल्या खुंटांवर चीक अजून ओला होता. सासऱ्यांच्या बोटांवर तोच वाळला होता. सुनेने दोन्ही पाहिलं होतं.

"चला, ओढ्यावर चतुर दिसतील," म्हणत ती मंडळींना वळवू लागली. आपल्यापायी पोरीला चारचौघांत खोटं बोलावं लागतंय, हे त्यांना बघवेना.

"गुरं नव्हती," ते म्हणाले. "मीच कापली. तुम्ही येणार म्हणून."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दुर्बीणवाल्या बाई ढिगाशी गुडघे टेकून बसल्या, मग टोपीवाला, मग बाकीचे. एकेक पान हलक्या हाताने उलटू लागले. सासरेही लगबगीने पुढे निघाले.

"बाबा, थांबा," सून म्हणाली. आवाज मऊच होता. "पायाखाली बघा."

ढिगातून निघालेल्या अळ्या ताज्या पानांच्या शोधात मातीवरून चालल्या होत्या, त्यांच्या दोन पावलांच्या मधून. पाऊल उचलून चपलेखाली काय आहे ते बघायची त्यांची हिंमत होईना. ते तसेच उभे राहिले. लोक त्यांना वळसा घालून अळ्या गोळा करू लागले.