काठी धरणारीची कुत्री

देसोलीनाने भावाच्या हातातली दोरी हिसकावली आणि गव्हाच्या शेतात भिरकावून दिली.

"बिर्बाच्या गळ्यात दोरी पडणार नाही. तिला आजवर कुणी बांधलेलं नाही."

"आता बांधायला लागेल," उल्देरीको म्हणाला. "मी शब्द दिलाय."

"कुणाच्या कुत्रीवर शब्द दिलास?"

"माझ्या. बंदूक कुणाची होती? पाखरं पाडली कुणी?"

पाखरं त्यानेच पाडली होती, हे खरंच. इटलीतल्या कोमाक्योच्या खाजणात तो अकरा हिवाळे होडीच्या पुढच्या टोकाला बसून नेम धरायचा. मागे उभी राहून लांब काठीने होडी ढकलायची ती देसोलीना. नवरा वारला त्याच महिन्यात तिने त्याची काठी हातात घेतली होती. पाखरू पडलं की कुरळ्या केसांची बिर्बा गोठलेल्या पाण्यात उडी घ्यायची. मग दोन वर्षांपूर्वी सरकारने पंप लावून सगळं खाजण उपसलं. उल्देरीकोने बंदूक विकली आणि तो ट्रॅक्टरवर नोकरीला लागला. होडी उलटी करून तिच्याखाली कोंबड्या ठेवल्या. बिर्बाला काम उरलं नाही, अशी हळहळ सगळ्या गावाने केली. देसोलीनालाही उरलं नाही, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिला या गोष्टीचा राग होता, आणि तो रास्त होता.

गिऱ्हाईक अंगणात उभंच होतं. अत्तिलिओ, डोंगराकडचा, खांद्यावर छोटी कुदळ. झाडांच्या मुळाशी जमिनीखाली वाढणारं वासाचं अळंबं, ट्रफल, शोधायचा त्याचा धंदा. बिर्बाच्या जातीच्या, लगोत्तो कुत्र्यांचं नाक त्यासाठी सोन्याचं, हे डोंगरातल्या लोकांनी केव्हाच हेरलं होतं.

"भांडण नंतर करा," तो म्हणाला. "आधी नाक तर बघू दे."

त्याने फडक्यातून एक ट्रफल काढलं, बिर्बाला हुंगवलं आणि कालव्याकडेच्या पॉपलरच्या रांगेत जाऊन कुठेतरी पुरलं. तोवर उल्देरीकोने तिला घरामागे धरून ठेवलं होतं. देसोलीना अंगणाच्या कडेला उभी राहिली, हात एप्रनखाली. हाक मारायची नाही, डोळ्यानेही खुणवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. खुणवून मिळवलेला कौल तिला नको होता.

बिर्बा सुटली. नाक जमिनीला लावून दोन झाडं ओलांडली, तिसऱ्यापाशी थबकली आणि पुढच्या पायांनी भराभर माती उडवू लागली.

"आहा!" अत्तिलिओ खूश झाला. त्याने पावाचा तुकडा पुढे धरला. "आण, पोरी. इकडे आण."

ट्रफल तोंडात धरून बिर्बा आली आणि त्याच्या पावाकडे न बघता पुढे निघाली.

"इकडे, बिर्बा!" उल्देरीकोने गुडघ्यावर बसून हात पसरला. ती त्यालाही वळसा घालून गेली. देसोलीनाच्या मागे जाऊन, तिच्या डाव्या पायाला टेकून बसली आणि मान वर केली. देसोलीनाने हात खाली नेला. ट्रफल अलगद तळव्यावर आलं, दाताचा एक ओरखडा नाही.

अत्तिलिओने पावाचा तुकडा खिशात टाकला.

"हे काय?" त्याने विचारलं.

"होडीत शिकार काठीवाल्याच्या हातात द्यायची," ती म्हणाली. "बंदूकवाला उठला तर होडी उलटते. म्हणून कुत्रीला तेच शिकवतात. शेवटचे चार हिवाळे ती माझ्याच हातात देत आलीये. याला विचारा."

उल्देरीकोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सवय आहे, दुसरं काय! चार फटके दिले की मोडेल."

"फटके खाल्लेली कुत्री ट्रफल गिळून टाकते, बाबा," अत्तिलिओ म्हणाला. "नको मला."

"म्हणजे सौदा मोडला?"

"मोडला नाही," देसोलीना म्हणाली. "नीट ठरायचाय. कुत्री जाईल तिथे मी जाणार. निम्मा वाटा आम्हा दोघींचा."

"रानात बाई?" अत्तिलिओ हसला. "अहो, आमच्याकडचे गडी पोट धरून हसतील."

"हसू देत. खाजणात पहिल्या दिवशी इथलेही हसले होते. दुसऱ्या दिवशी बर्फ फोडायला मीच पुढे होते, आणि ते माझ्या मागून येत होते."

"मला त्यांच्यात राहायचंय, बाई."

"मग राहा. ही घरीच बरी."

तिने ट्रफल त्याला परत दिलं. त्याने ते फिरवून फिरवून पाहिलं, ओरखडा शोधत असल्यासारखं. मग फडक्यात बांधलं, खांद्यावरची कुदळ काढली आणि तिच्यापुढे धरली.

"चालवता येते?"

"या हातांनी होडी चालवलीये. ही काय जड आहे?"

तिने कुदळ घेतली आणि कालव्याच्या बांधावरून चालू लागली. डाव्या पायाशी बिर्बा, आणि चार पावलं मागे अत्तिलिओ.

"देसोलीना!" उल्देरीको ओरडला. "अगं, जेवणाचं काय?"

"बादलीत वाम मासळी आहे," ती मागे न बघता म्हणाली. "जिवंत आहे. धरता आली तर सोल."