प्रस्थानातलं तिकीट

गुरुवारी सकाळी साडेसाताच्या आत दौलतरावांनी विठ्ठलवाडीला थोरल्या बहिणीच्या, गोदूअक्काच्या देवघरात प्रस्थान ठेवलं आणि "चला, एक ओझं उतरलं" म्हणत ते उंबऱ्याशीच टेकले. बदलापुरातून पहाटे निघालेले, वय एकोणसाठ, आणि अजून अंबरनाथला कामावर जायचं होतं.

त्यांची लेक अंजनी सोमवारी विमानाने स्वीडनला निघणार होती. जावई धर्मराज तिथे कारखान्याच्या कामाला जाऊन दीड वर्ष झालं होतं. आता सोमवार काही पंचांगात धड नव्हता, पण विमान पंचांग बघून सुटत नाही. म्हणून जुनी रीत. चांगल्या वेळेला प्रवाशाची एखादी वस्तू जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवास त्या घटकेला सुरू झाला. मग माणूस पाच दिवसांत कधीही निघो. बंधन एवढंच. ठेवलेलं प्रस्थान प्रवाशाशिवाय कुणी सोडायचं नाही, परत घरीही न्यायचं नाही. तसं केलं तर प्रवास मोडला.

लोक नारळ ठेवतात, सुपारी ठेवतात, अंगावरचं एखादं वस्त्र ठेवतात. दौलतरावांनी अंजनीच्या लुगड्यात नारळाबरोबर तिचा पासपोर्ट आणि तिकीटही बांधलं होतं.

"हे कशाला रे कागद?" गोदूअक्काने विचारलं.

"अक्का, प्रवास आता कागदावरच चालतो. देवासमोर असलेले बरे."

"देवाला इंग्रजी येतं का?"

"त्याला वाचायचं नाहीये, सांभाळायचंय," दौलतराव म्हणाले आणि गुडघ्यावर हात रोवून उठले.

तिकिटाचा त्यांना अभिमान होता. मुंबईच्या एजंटाने दोन वाटा दाखवल्या होत्या. एक जिनिव्हावरून, तिथे सात तास बसून दुसरं विमान. दुसरी पॅरिसवरून, तिथे अवघे दोन तास. दौलतरावांनी क्षणभरही विचार केला नाही. कल्याण जंक्शनच्या पार्सल ऑफिसात एकोणतीस वर्षं काढलेला माणूस तो. जंक्शनला माल जितका कमी पडून राहील तितका बरा. पडून राहिला की भिजतो, फुटतो, नाही तर कुणीतरी उचलतो. पेन्शन घेऊन अंबरनाथच्या काड्यापेट्यांच्या कारखान्यात माल रवाना करायच्या खात्यात बसले, तिथेही हाच मंत्र. आणि इथे तर माल म्हणजे अंजनी. लहानपणीच्या तापात तिच्या डाव्या पायातली ताकद गेली होती. काठीशिवाय चार पावलं टाकता येत नव्हती. परक्या मुलखात सात तास एकटी बाकावर? छे. "पॅरिस चालेल ना गं?" त्यांनी विचारलं होतं. "तुम्ही म्हणाल तसं, अप्पा," ती म्हणाली होती. झालं.

संध्याकाळी पाचाला कारखान्यातून सुटून ते उल्हासनगरात चेलारामच्या दुकानी गेले. चेलाराम सिंधमधून आलेला. निर्वासितांना दिलेल्या लष्करी बराकींपैकी एकीच्या दारात तो बॅगा नि ट्रंका विकत असे. भाऊ जिब्राल्टरला दुकानदार, त्याला भेटायला हा तीन वर्षांपूर्वी विमानाने जाऊन आलेला. सगळ्या कॅम्पात त्याला त्यामुळे मान होता.

"हलकी बॅग दाखवा, शेठ. मुलीला एका हाताने उचलता आली पाहिजे. दुसऱ्या हातात काठी असते."

"किधरून जाते बेटी?"

"पॅरिसवरून. दोन तासांत दुसरं विमान. बसायची भानगडच नाही."

चेलारामने बॅग खाली ठेवली. "उतरणार कुठे, साईं? ओर्ली का ल बूर्जे?"

"पॅरिसला."

"अरे साईं, पॅरिसमें दोन विमानतळ आहेत. एक शहराच्या ह्या टोकाला, एक त्या टोकाला. माझं पण असंच झालं. म्हणजे समजा बोरीबंदरला उतरला आणि पुढची गाडी बॉम्बे सेंट्रलवरून. सामान काढा, बस पकडा, सगळं गाव ओलांडा. मी चांगला तगडा माणूस, माझं विमान गेलं. तिकिटावर नावाच्या बाजूला बारीक लिहिलेलं असते. नाही बघितलं?"

बघितलं होतं. दोन्ही ओळींत पॅरिस होतं आणि पुढे कंसात काहीतरी वेगवेगळं होतं. आगगाडीच्या वेळापत्रकात असली बारीक अक्षरं असतात ती चहाच्या स्टॉलसाठी नाही तर पाण्यासाठी, म्हणून त्यांनी तिकडे काणाडोळा केला होता.

"पाणी प्या, साईं," चेलाराम हळूच म्हणाला. "तिकीट बदलतात. जुनं तिकीट हातात द्यायला लागते, बस."

दौलतराव पाणी प्याले. जुनं तिकीट विठ्ठलवाडीला देवापुढे नारळाखाली होतं. एजंटाचं ऑफिस शनिवारी दुपारी बंद व्हायचं. प्रस्थान सोडून तिकीट काढावं तर चालू झालेला प्रवास आपल्याच हाताने मोडायचा, तोही पायाने अधू लेकीचा. आणि तसंच राहू द्यावं तर तिने काठी टेकत, बॅग ओढत, भाषा न येणारं अख्खं शहर दोन तासांत ओलांडायचं. बॅग न घेताच ते निघाले.

बदलापूरला घरी पोचले तेव्हा अंजनी देवापुढे दिवा लावून जोत्यावर बसली होती, डावा पाय लांब करून. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "मला सुचत नाही बाई. उद्या बुवांना विचारतो. शनिवारी कीर्तनाला येतीलच, त्याआधी गाठतो."

मारुतीच्या देवळात शनिवारी कीर्तन होतं. अंजनी जायच्या आधीचं शेवटचं, म्हणून दौलतरावांनीच बुवांना बोलावलं होतं. वीस वर्षं ते बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे राहत आणि ती खांबाला टेकून ऐके, कारण तिला मांडी घालता येत नसे.

अंजनीने काठी जवळ ओढली. मग म्हणाली, "प्रस्थान परत आणायचं नसतं. पण पुढे न्यायला कुणाची ना आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे मीच जाते आत्याकडे. उद्या सकाळी. घर सोडून निघाले, माझं गाठोडं मी उचललं, त्यातून तिकीट काढलं. मोडलं काय त्यात? फक्त मग मला इथे परत येता यायचं नाही."

"सोमवारपर्यंत तिथेच?"

"सोमवारपर्यंत."

दौलतरावांना शनिवारचं कीर्तन आठवलं; ते तिला चुकणार होतं. पण त्यांनी वेगळंच विचारलं. "आणि जिनिव्हाला सात तास काय करशील गं एकटी?"

"बसेन."

"सात तास?"

"अप्पा, शाळेत बाई म्हणायच्या, चल लवकर. आई म्हणायची, चल लवकर. लग्नात सप्तपदीला भटजी म्हणाले, जरा लवकर पावलं टाका, मुहूर्त जातोय. तुम्ही स्टेशनात दर वेळी म्हणता." ती हसली, पण दमल्यासारखी. "सात तास कुणी मला 'चल' म्हणणार नाही. मला पहिल्यांदा दोन्ही वाटा सांगितल्यात ना, तेव्हाच जिनिव्हा आवडलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खुशीत होता."

शुक्रवारी सकाळी ती निघाली. घराला नमस्कार केला, तुळशीला पाणी घातलं, मागे वळून न बघता बाहेर पडली. दौलतराव तिचं सामान घेऊन मागून चालत होते. दोनदा त्यांच्या तोंडाशी 'चल लवकर' आलं आणि दोनदा त्यांनी गिळलं. एक गाडी चुकली. दोघं फलाटावर बसून राहिली.

गोदूअक्काने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "तरी मी म्हटलं, कागद कशाला." मग अंजनीला म्हणाली, "तुझं आहे, तूच सोड बाई. दौलत, तू लांब हो. तुझे हात फार घाईचे."

अंजनीने देवघरात खाली बसून, पाय एका बाजूला घेऊन, गाठ सोडली. नारळ देवापुढेच ठेवला आणि तिकीट बापाच्या हातात दिलं. दौलतराव मुंबईला गेले, दिवेलागणीला परतले. जिनिव्हा. एकच विमानतळ. त्यांनी एजंटाला तीनदा विचारून घेतलं होतं. बसायला पाठीची बाकं आहेत का, हेही विचारलं होतं.

"आहेत म्हणाला?" अंजनीने विचारलं.

"असावीत म्हणाला."

"मग असतील."

"राहा रे आज," गोदूअक्का म्हणाली. पण घरी दिवा लावायला कुणी नव्हतं, म्हणून ते भात खाऊन निघाले.

शनिवारी मारुतीच्या देवळात पूर्वरंग संपला. मध्यंतर झालं. इतकी वर्षं मध्यंतर म्हणजे दौलतरावांची धावपळ: बुवांना हार घाला, बुक्का लावा, पाणी द्या, लोकांना म्हणा सरका, बसा, लवकर आवरा, आख्यान खोळंबलंय. जंक्शनवरचा माल पडून राहू नये तसं. आज त्यांनी टाळ खाली ठेवले आणि खांबापाशी जाऊन बसले. गुडघे दुखत होते, म्हणून एक पाय लांब केला. हार दुसऱ्याच कुणी घातला. बायका आपसात बोलत होत्या, कुणी मुलाला पाणी पाजत होतं, बुवा उपरण्याने घाम पुसत सावकाश बुक्का लावून घेत होते. कुणालाच कसली घाई नव्हती. हे सगळं इतकी वर्षं त्यांच्या पाठीमागे चाललेलं होतं.

"दौलतराव, टाळ," बुवांनी हाक मारली. "आणि लेक कुठे आज?"

"निघाली ती. वाटेत आहे," दौलतराव म्हणाले. "येतो, बुवा. जरा बसू द्या."

बुवा थांबले.