आधी कुबडी बंद करा

"आधी ती कुबडी बंद करा, मग खेळू," पंखेवाला म्हणाला आणि दुकानातले सगळे हसले.

तो जोडतो त्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये सात रंगीत पंखे असतात, म्हणून हे नाव. आमच्या दुकानात कॉम्प्युटर त्याचे आणि कंट्रोलर माझे. टीव्हीला जोडून खेळायच्या कन्सोलचे कंट्रोलर मी बारा वर्षं दुरुस्त करतेय. सोल्डरिंगचे बारीक डाग द्यायला दिव्याचा उजेड पुरत नाही, नाकावर चाळिशी आहेच, म्हणून खिडकीजवळचं टेबल माझं. पंखेवाल्याला तीच जागा काचेच्या पेटीतले कॉम्प्युटर मांडायला हवी होती. "खेळण्यांच्या दुरुस्तीला खिडकी कशाला?" असं तो मालकांना ऊठसूट सांगायचा.

खेळणी म्हणे! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझ्या. याच्या मते खरा खेळाडू माऊसनेच नेम धरतो आणि सोफ्यावर बसून खेळणारे आम्ही सगळे अडाणी. माझ्या सासूबाई सत्तरीत सोफ्यावर मांडी घालून गाड्या पळवतात आणि मला हरवतात. त्यांच्यासमोर बोलून दाखव म्हणावं.

रोजच्या कटकटीला मालक वैतागले. "एकदा खेळून मिटवा. समोरच्याला आधी दहा वेळा पाडेल तो जिंकला. ताई हरल्या तर त्यांचं टेबल जिन्यात. तू हरलास तर खिडकीचं परत नाव काढायचं नाही."

खेळ गोळीबाराचा. कंट्रोलरवर अंगठ्याने नेम धरणं अवघड, म्हणून नेम समोरच्याच्या जवळ गेला की खेळच तो जरा ओढून घेतो. पंखेवाला या मदतीला कुबडी म्हणतो.

"कर बंद," मी म्हटलं. त्याने माझा कंट्रोलर मेलेला उंदीर उचलावा तसा दोन बोटांत धरला, सेटिंगमध्ये काहीतरी बंद केलं आणि मला परत दिला.

सुरुवातीलाच मी त्याला सहा वेळा पाडलं, त्याने मला तीनदा. तिसऱ्यांदा पडले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोळी लागली की हातातला कंट्रोलर थरथरतो. तो थरथरलाच नव्हता, आणि नेम मात्र आपोआप ओढला जात होता. शहाण्याने कुबडीऐवजी कंपन बंद केलं होतं! जन्मात कधी कन्सोलची सेटिंग उघडली असती तर कळलं असतं ना.

आणखी चार, की खिडकी माझी. कोणाला पत्ता लागला नसता. खोटं कशाला बोलू, मोह झाला, चांगलाच झाला. पण मग रोज त्या खिडकीत बसून मी त्याच्या डोळ्याला डोळा कसा भिडवला असता?

मी खेळ थांबवला. "अरे, तू कंपन बंद केलंयस. कुबडी चालूच आहे."

पंखेवाल्याचे कान लाल झाले. मालक हळूच म्हणाले, "ताई, चाललंय ते चालू द्या की."

"नाही." मी सगळ्यांसमोर कुबडी बंद केली. "आता शून्यापासून."

दहा-आठने हरले.

या वेळी कोणी हसलं नाही. पंखेवाला माऊस सोडून उठला. "मावशी, आठ वेळा पाडलंत मला. तेही कुबडीशिवाय."

"मोजता येतं मला."

"टेबल राहू द्या तिथेच. मी करतो माझी सोय."

"का? मागितलं का मी?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. मी हत्यारं खणात टाकली आणि टेबल ओढायला लागले. तो धावत दुसरी बाजू धरायला आला.

"सोड," मी म्हटलं. "हरलेय मी, आजारी नाही पडले."

टेबल दारात अडकलं. आडवं केलं, तिरकं केलं, खण काढून पुन्हा घातले, आणि एकटीने जिन्यापर्यंत नेलं. दंडात कळ आली. रडूही आलं, पण जिन्यात कोणी नव्हतं. मग दिवा लावला, भिंग चढवलं आणि सकाळपासून उघडा पडलेला कंट्रोलर पुढे घेतला.

जिना चढून आलेलं गिऱ्हाईक मला तिथे बघून थबकलं. "दुकान बंद झालं का हो?"

"आतलं माहीत नाही," मी म्हटलं. "माझं चालू आहे. दाखवा काय बिघडलंय."