गॅसवरची व्हॅन आणि सडका वास

मी एक जुनी, पांढरी व्हॅन आहे. पांढरी म्हणजे पूर्वी होते. आता कळंबची धूळ अंगात मुरली आहे.

मित्रांनो, कारखान्यातून मी पेट्रोल पिऊन बाहेर पडले. पुढे दादाभाऊंनी मला घेतले आणि माझ्या मागच्या सीटमागे गॅसची टाकी बसवली. तेव्हापासून मला दोन चवी कळतात. सकाळी चार घोट पेट्रोल, अंग तापले की गॅस. गॅस स्वस्त, म्हणून दादाभाऊ खूश. डिंभ्याच्या चढावर मात्र मला थोडी धाप लागते. शेजारचे गेणभाऊ चिडवायचे, "राव, गॅसवरची गाडी म्हंजी उपासाचा गडी! चढ आला की बसला!" मला भारी राग यायचा. सपाट रस्त्यावर या म्हणावे!

बराखीत, म्हणजे कांद्याच्या चाळीत, साठवलेला कांदा आळेफाट्याच्या बाजारात पोचवणे हे माझे काम. एका पावसाळ्यात माझ्यात सडका वास येऊ लागला. आमच्याकडे असा वास आला की कांदा नासला, एवढेच माणसाच्या मनात येते. दादाभाऊंनी गोण्या ओतून पाहिल्या, संशयाने चांगले कांदेही फेकले, मला धुऊन काढले. वास जाईना. वर गॅसही लवकर संपू लागला.

"म्हातारी झाली गाडी, लई पिती," ते म्हणाले. ते बोलणे मला फार लागले.

एका सकाळी त्यांची मुलगी श्रेया शाळेला जायला आत बसली आणि तिने नाक दाबले. "पप्पा, लई घाण येतीय!"

दादाभाऊंनी स्टिअरिंगसमोरच्या छोट्या गणपतीपुढे अगरबत्ती खोचली आणि काडेपेटी काढली. मी घाबरले. मला ओरडता येत नाही, हॉर्नसुद्धा दुसऱ्याने वाजवावा लागतो.

इतक्यात श्रेयाची आई, प्रतिभावहिनी, दप्तर ठेवायला मागे आल्या. टाकीवरचा काटा तळाला टेकलेला पाहून त्या थबकल्या.

"अवो, काल सांजच्याला काटा अर्ध्यावर व्हता. गाडी तर जाग्यावरनं हालली न्हाई. मग गॅस पिला कुणी?"

दादाभाऊंचा हात थांबला. वहिनींना मात्र विचारता विचारताच उत्तर सापडले.

"काडी वडू नका! श्रेया, उतर खाली!"

दोघांनी दारे सताड उघडली, टाकीचा कॉक बंद केला आणि फिटरला बोलावले. त्याने टाकीच्या जोडाला साबणाचा फेस लावला, तर भराभर बुडबुडे आले. जोड नवा बसल्यावर मी पुन्हा पहिल्याइतक्याच गॅसवर पहिल्याइतकी धावू लागले. म्हातारी म्हणे!

फिटरने सांगितलेल्या एका गोष्टीचे मला अजून नवल वाटते. गॅसला स्वतःचा असा वासच नसतो. तो बाहेर पडला तर माणसाला कळावे, म्हणून घाण वास त्यात मुद्दाम मिसळतात. म्हणजे इतके दिवस मी हाका मारत होते आणि दादाभाऊ माझ्या हाकेला अगरबत्ती लावायला निघाले होते.

मित्रांनो, गॅसच्या गाडीत तसा वास आला तर नाक दाबून बसू नका. काडी नको, बटण नको, आधी खाली उतरा आणि लांब जा. माझी काळजी करू नका. मला नवा जोड मिळतो.