टेबलाचं पहिलं माप

शाळेच्या सुतारकामाच्या टेबलाचा आराखडा वत्सलाने काढला होता, आणि त्या टेबलापाशी उभं राहायची परवानगी तेवढी तिला नव्हती. यात कुणाला काही वावगंही वाटलं नव्हतं. नागोराव मास्तर परभणीकडचे, मनाने उदार, पण वर्गाची यादी करताना त्यांनी नववीतल्या अकरा मुलग्यांची नावं लिहिली आणि मुलींना नेहमीसारखं शिवणाला धाडलं. "चित्र तुझ्यासारखं कुणाला जमत नाही," असं म्हणून आराखडा मात्र तिच्या गळ्यात घातला. तीन संध्याकाळी खपून तिने तो काढला. मनात एकच होतं, आराखडा इतका नामी व्हावा की मास्तरांनी आपण होऊन म्हणावं, ये बाई, तूही ये.

मास्तर म्हणाले, "छान झालाय," आणि कागद गुंडाळून ठेवला.

सदुसष्ट साल होतं. पलीकडे तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. बोईसरला गाडीतून उतरणारा दर दुसरा माणूस तिकडेच निघालेला असायचा, आणि हातात हत्यार धरता येणाऱ्याला तिथे मान होता. म्हणून शाळेत सुतारकामाचा वर्ग निघणार होता, आणि वर्गाला टेबल हवं होतं. टेबल मुलांनी योजायचं, मुलांनी बांधायचं, गावाने हातभार लावायचा, असा मास्तरांचा बेत. गावातल्या साखरबाईने आपल्या जुन्या, मोडीत निघालेल्या होडीच्या सागवानी फळ्या देऊ केल्या. गाडं अडलं ते जमिनीवर. शाळेची शेड समुद्राकडे तोंड करून उभी, आणि तिची जमीन डाव्या अंगाला, खाडीच्या बाजूला उतरत गेलेली. सपाट करायची तर चारशे टोपल्या भराव हवा, असं मुलांनी काढलं होतं. चारशे टोपल्या म्हटल्यावर पालकांपैकी निम्म्यांना एकदम जाळी विणायची आठवण झाली.

रविवारी सकाळी शेडमध्ये बैठक भरली तेव्हा पुंडलिक आजा आला. हा होड्या बांधणारा म्हातारा. माकुणसारच्या खाडीपर्यंत त्याच्या हातच्या होड्या तरंगत होत्या, पण शाळेची पायरी तो त्या दिवशी पहिल्यांदाच चढला. आराखडा त्याने बराच वेळ पाहिला.

"कोनी काढला?"

"मी," वत्सला म्हणाली.

"रेघ चांगली हाय तुझी. पन टेबल कशाला? साठ वर्सं मी जमिनीवर बसून काम करतो. फळी पायाखाली धरली की झालं."

"आजा, आता कारखान्यांतून उभ्याने काम करतात," मास्तर म्हणाले.

"करा बाबा. पँटी मळायच्या नायत." सगळे हसले. मग तो उठला आणि पायाने जमीन चाचपत शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. "भराव कशाला घालता? ही उतरते तेच बरं हाय."

त्याने कनवटीची दोरी सोडून शेडच्या दोन खांबांना सैल बांधली, एक टोक चढाला, एक उताराला. मग एका खांबाशी नववीतल्या चिंतूला उभं करून, मागे सरून उकिडवा बसला, एक डोळा मिटला, आणि त्या दोरीवरून समोर समुद्राकडे पाहू लागला. जिथे पाणी संपून आभाळ सुरू होतं त्या रेघेवर दोरी बसवत होता तो. "चिंतू, तुझ्याकडचं टोक वर घे. आनखी. आता बोटभर खाली. धर."

मास्तरांना राहवलं नाही. बोईसरहून नवी कोरी पाणसळ आणली होती, ती त्यांनी एका सरळ फळीवर ठेवली आणि फळी दोरीला लावून धरली. काचेतला बुडबुडा अगदी मधोमध येऊन थांबला. मास्तरांनी पाणसळीची टोकं अदलाबदल करून पाहिली. बुडबुडा पुन्हा मधोमध. वत्सला दोरीवरून समोर बघू लागली. रोज ती त्या समुद्राकडे पाहत होती, आणि तिथे एवढी सरळ रेघ सगळ्यांसाठी ओढून ठेवलेली आहे हे तिला कधी दिसलंच नव्हतं.

"टेबल असं, पान्यासारखं सपाट," आजा म्हणाला. "पाय मात्र उताराकडे लांब होत जातील. बुटकी पोरं चढाला, उंच पोरं उताराला. ज्याला त्याला आपल्या उंचीचं टेबल. आता उंची धरायची, उभ्यानं हात सोडला की तळवा टेकंल एवढी. नाखवा कोन?"

"नाखवा?" मास्तरांनी विचारलं.

"होडीचं पयलं माप नाखव्याच्या, म्हंजे होडीच्या धन्याच्या हातानं घेतात. आनि ज्याचा हात मापाला लागला, तो चढल्याबगर होडी पान्यात जात नाय. टेबलाचंही तसंच धरू. नाखवा कोन?"

पोरांनी वत्सलाकडे पाहिलं. एकाने नव्हे, अकराही जणांनी. तिने मान खाली घातली.

"ती शिवणाला आहे," मास्तर घाईने म्हणाले. "चिंतू, तू ये मधे."

चिंतू वर्गातला ताडमाड. दोरीच्या मधोमध तो हात सोडून उभा राहिला आणि आजाने दोन्ही टोकं त्याच्या तळव्याइतकी वर घेतली. बाकीची पोरं आपापल्या जागी गेली. चढावरच्या बुटक्या वामनला दोरीवर तळवा टेकायला कोपर दुमडावं लागलं. उतारावरची उंच पोरं खांदे वर ओढून उभी राहिली.

"नाय जमत," आजा म्हणाला. "पोरी, तू ये."

वत्सला दोरीच्या मधे उभी राहिली. चिंतू आपणहून उताराच्या टोकाला गेला. आजाने तिचं मनगट धरून हात सैल सोडायला लावला, तळवा सपाट केला आणि दोन्ही टोकं त्या तळव्याइतकी खाली आणवली. चढावर वामनचा हात सरळ लोंबला आणि तळवा दोरीवर टेकला. मग पुढच्याचा, त्याच्या पुढच्याचा, अगदी उतारावरच्या चिंतूचा. बारा तळवे एका सरळ रेघेत टेकले होते, आणि कुणाला पाठ वाकवावी लागत नव्हती की खांदा उचलावा लागत नव्हता. साखरबाईने आपोआप हात जोडले.

खांबाशी दोरीची पक्की गाठ मारायला आजा वाकला, आणि तसाच थांबला.

"मास्तर, पोरीचं नाव लिवता का? मग गाठ मारतो."

मास्तर त्या बारा हातांकडे पाहत उभे राहिले. मग खिशातून त्यांनी यादी काढली, फळीवर ठेवली आणि पेनचं टोपण उघडलं.

"वत्सला," लिहिता लिहिता ते म्हणाले, "हात हलवू नकोस."