चित्राच्या आड

“मावशी, गाडी काढा ना. चित्र झाकलं जातंय.”

इस्त्रीवालीनं कॉलरवरची इस्त्री उचलून कडेला ठेवली आणि मागं बघितलं. भिंतीवर ती स्वतःच होती. डोक्याला फडकं, हातात इस्त्री आणि तोंडभर हसू. आयुष्यात एवढी कधी हसली नसेल.

“किती सरकवू?”

“सरकवायची नाही हो,” चेअरमन म्हणाले. “इथून हलवायचीच आहे. उद्या पाहुणे येतील, फोटो होतील. मग इथे बाक, कुंड्या. कमिटीचं ठरलंय.”

हे नव्या टॉवरचे चेअरमन. माणूस गोड बोलायचा. गोड बोलणाऱ्यावर धड चिडताही येत नाही, तिथंच सगळे वांदे.

हा कोपरा तिला सासूकडून मिळालेला. तेव्हा गल्लीत कुठकुठल्या मुलखातली माणसं होती. एकाची भाषा दुसऱ्याला कळायची नाही, भांडणं मात्र सगळ्यांना कळायची. इस्त्रीवालीला वाचता येत नव्हतं, म्हणून ती प्रत्येक घराच्या गाठोड्याला वेगळी गाठ मारायची. नर्सबाईंची घट्ट, दुहेरी. बेकरीवाल्या भावांची सैल, कारण दोघंही धसमुसळे, ओढून कापड फाडायचे. मग जुनी घरं पडली, भाडी आभाळाला भिडली, आणि एकेक घर उठून गेलं. टॉवरातले शर्ट हँगरवर येतात, हँगरवरच जातात. त्यांना कसली गाठ मारायची?

चित्र काढणारी पोरगी आली तेव्हा इस्त्रीवालीनंच तिला सगळं सांगितलं होतं. नर्सबाईंचा अंबाडा कसा, थोरला बेकरीवाला उभा कसा राहायचा. गल्ली कशी सगळ्यांची होती, ते दाखवायचंय म्हणे. इस्त्रीवाली हरखली. घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, “आता आपल्याला कोण उठवतंय? भिंतीवर चढलोय आपण!”

आणि आता हे.

“पण साहेब, मी आहे ना चित्रात!”

“तेच तर! तुम्ही आता कायमच्या इथेच.”

“ती कपडे घेते का इस्त्रीला?”

समोरचा पंक्चरवाला खो खो हसला. “तिला म्हणावं, माझी पँट करून ठेव!”

चेअरमनही हसले. ते हसले आणि इस्त्रीवालीच्या डोक्यात सणक गेली.

“नर्सबाईंना घालवलंत, त्या भिंतीवर. बेकरीवाल्यांना घालवलंत, ते भिंतीवर. अहो, माणूस मेल्यावर फोटो लावतात. तुम्ही जिवंतपणीच लावलेत!”

“मावशी, आम्ही तर तुमचा मान...”

“मान ठेवा तुमच्याकडे. कोपरा द्या.”

“ते माझ्या हातात नाही हो.”

“बरं.” शिडीवर चढून चित्राला शेवटचे हात मारत असलेल्या त्या पोरीकडे ती वळली. “ए पोरी, मला पूस.”

पोरीचा ब्रश तसाच थांबला. “मावशी, असं काय...”

“तू विचारलंस तेव्हा मी हो म्हणाले होते. आता नाही म्हणते. माझी जागा घेऊन वर माझंच हसू लावणार होय? पूस.”

“हात लावायचा नाही!” चेअरमनचा गोडवा एकदम उतरला. “चित्र कमिटीचं आहे!”

पोरगी कानापर्यंत लाल झाली. खाली बघत म्हणाली, “सर, चित्र तुमचं. तोंड त्यांचं आहे.” आणि तिनं पांढऱ्या रंगाचा डबा उघडला.

डोळे लगेच गेले. हसू मात्र जाईना. पांढऱ्यातून परत परत वर यायचं. पोरगी नाक ओढत हात मारत राहिली. ते पुरतं जाईपर्यंत इस्त्रीवाली तिथंच उभी होती, कंबरेवर हात ठेवून.

मग तिनं इस्त्रीतले निखारे रस्त्याकडेला ओतले, वर पाणी मारलं. अर्धवट राहिलेले कपडे घडी करून गाडीत ठेवले. पंक्चरवाला न बोलवता आला आणि गाडीला खांदा लावला. त्याचं हसू केव्हाच विरलं होतं.

“कुठं न्यायची, मावशी?”

“आधी ढकल तर,” ती म्हणाली. “पुढं चढ आहे.”